मासा जाळ्यात आला, पण विकता येतो का? संरक्षित माशांचे नियम सोप्या भाषेत

दर काही महिन्यांनी एखादा व्हिडिओ फिरतो. जेट्टीवर अवाढव्य मासा पडलाय, भोवती गर्दी, कोणी सेल्फी काढतंय, कोणी मोबाईलवर लिलावाची बोली सांगतंय आणि खाली कमेंटमध्ये नुसती भांडणं. एक म्हणतो याला अटक करा, दुसरा म्हणतो गरीब कोळ्याच्या पोटावर पाय देऊ नका, तिसरा विचारतो अरे पण मासाच आहे ना, मासे विकायला बंदी कधीपासून आली? प्रश्न रास्त आहे. वाघ मारायचा नाही, मोर पकडायचा नाही हे शाळेतच कळतं, पण मासळी बाजारात उभं राहून यातला कुठला मासा कायद्याने विकता येत नाही हे सांगू शकणारे लोक फार कमी. अगदी धंद्यातले सुद्धा अडखळतात, आणि त्यात त्यांची चूक कमी, आपल्या नियमांची मांडणीच तशी आहे.

मुळात कायदा कुठला?

भारतात मासेमारीवर एक कायदा नाही, बरेच आहेत आणि ते एकमेकांवर चढलेले आहेत, गोंधळ सगळा तिथूनच. संविधानात मासेमारी हा राज्याचा विषय आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत कुठली जाळी, कुठल्या महिन्यात, किती मोठी बोट हे महाराष्ट्र ठरवतो, गुजरात ठरवतो, केरळ ठरवतो, ज्याचा त्याचा वेगळा कायदा. आपल्याकडचा आहे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१, त्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि दंड चांगलेच वाढले. १२ मैलांच्या पलीकडचा समुद्र केंद्राकडे. परदेशातून काही आणायचं किंवा पाठवायचं असेल तर तेही केंद्राकडेच.

आणि वन्यजीव हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, तो केंद्राचा, देशभर लागू. जोपर्यंत मासा 'मासळी' असतो तोपर्यंत त्याच्यावर मत्स्यव्यवसाय विभागाची नजर, ज्या दिवशी त्याचं नाव वन्यजीव कायद्याच्या यादीत गेलं त्या दिवसापासून तो 'वन्यप्राणी' झाला आणि वनखातं आलं. मासा तोच, समुद्र तोच, होडी तीच, फक्त दार ठोठावणारा अधिकारी बदलला. खूप जणांना हेच माहीत नसतं, त्यांना वाटतं वनखात्याचा समुद्रात काय संबंध.

हे हाउसिंग सोसायटी आणि महापालिकेसारखं आहे. सोसायटी महापालिकेपेक्षा कडक नियम करू शकते, रात्री १० नंतर ड्रिल चालवायचं नाही वगैरे, पण महापालिकेने जे बांधकाम बेकायदा ठरवलंय त्याला सोसायटीची कमिटी ठराव करून परवानगी देऊ शकत नाही. राज्याचंही तसंच, मासेमारीचे नियम हवे तितके कडक करा, पण वन्यजीव कायद्याच्या यादीतला मासा विकायची मोकळीक कुठल्याच राज्याच्या मत्स्य विभागाला देता येत नाही.

यादीत कोण आहे?

कायद्याच्या शेवटी याद्या जोडलेल्या असतात, त्यांना अनुसूची म्हणतात. आधी सहा होत्या, २०२२ च्या दुरुस्तीने चार केल्या आणि त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. पहिली सगळ्यात कडक संरक्षणाची, दुसरी त्याखालोखाल, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराची, तिच्याकडे पुढे येतो.

कायदा १९७२ चा असला तरी पहिला मासा यादीत यायला जवळजवळ ३० वर्षं गेली. मे २००१ मध्ये व्हेल शार्क आला, जगातला सगळ्यात मोठा मासा, खातो मात्र बारीक प्लवक आणि छोटे जीव, माणसाला काहीही करत नाही. नव्वदच्या दशकात गुजरातमध्ये वेरावळच्या आसपास याची जोरात शिकार व्हायची, लिव्हरचं तेल लाकडी होड्यांना चोपडायला आणि मांस व पर (पोहायचे पंख) निर्यातीला. मग जुलै २००१ मध्ये सरकारने एका फटक्यात सगळे शार्क आणि सगळी पाकटं (चपट्या अंगाचे रे मासे) यादीत टाकली. किनारपट्टीवर ओरड झाली आणि ती बरोबरच होती, कारण छोटी मुशी किंवा मोरी, म्हणजे लहान शार्क, हे रोजच्या ताटातलं खाणं, ते एका रात्रीत गुन्हा कसं ठरणार. डिसेंबरमध्ये यादी कापून दहा जातींवर आणली. व्हेल शार्क, करवत मासे, गंगेतला शार्क, पाँडिचेरी शार्क, काटेरी पाकट, मोठा गिटारफिश अशी ती दहा नावं. त्याच वर्षी सगळे समुद्रघोडे आणि जायंट ग्रुपर, म्हणजे आपल्या हेकरूच्या घराण्यातला अजस्र भाऊ, हेही आत आले. २०२२ च्या दुरुस्तीत शार्क आणि पाकटांची यादी बरीच लांबली, काही पहिल्या अनुसूचीत, काही दुसऱ्या. म्हणून २००१ चा पाठ केलेला आकडा घेऊन आज बाजारात गेलात तर फसाल.

महाग मासा म्हणजे संरक्षित मासा असंही नाही बरं का. घोळ मासळी बघा, तिच्या बोताला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) लाखांचा भाव येतो, गुजरातने तिला राज्यमासा केलंय, पण विकायला काही अडचण नाही. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तरी ते आपण खातोच. राज्यमासा हा मान आहे, मनाई नव्हे. आणि अजून एक गोंधळ, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेची रेड लिस्ट. ती शास्त्रज्ञांनी केलेली धोक्याची पातळी सांगणारी यादी, तिच्यात नाव आहे म्हणून पोलीस येत नाहीत. कायदा लागतो तो आपल्या अनुसूचीत नाव असेल तर.

'मासाच तर आहे, वाघ थोडाच आहे?'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो म्हणून नीट बघू. बांगडा वर्ष-दीड वर्षात अंडी घालण्याइतका मोठा होतो आणि मादी भरपूर अंडी घालते, त्यामुळे जास्त पकडला तरी चांगला पाऊस आणि थोडी उसंत मिळाली की परत भरून येतो. शार्क-पाकटांचं गणितच वेगळं. बऱ्याच जातींना वयात यायलाच अनेक वर्षं लागतात, व्हेल शार्कला तर काही दशकं, आणि बहुतेक जाती एका वेळी मोजकीच पिल्लं देतात, गाभण राहण्याचा काळही लांबलचक. मोठे मासे काढून घेतले की मागे भरून काढायला कोणी उरतच नाही.

करवत माशाची गोष्ट तर फार वाईट. त्याच्या तोंडापुढे दात असलेली लांब करवत असते, भक्ष्य शोधायला आणि मारायला, आणि नेमकी तीच कुठल्याही जाळ्यात अडकते. नायलॉनची जाळी आली आणि ज्या खाड्यांत, नदीमुखांत तो सर्रास दिसायचा तिथून तो गेला, आता एखादा सापडला तर त्याची बातमी होते. ती करवत पूर्वी लोक शोभेला लावायचे, आजही कोणाच्या घरात असेल, पण तिची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. करवतच कशाला, पर, वाळवलेला समुद्रघोडा, सुकं मांस, कातडी, कायद्याला शरीराचा कुठलाही भाग पुरतो.

शिक्षा किती?

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा असेल तर किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. कैद आणि दंड, दोन्ही. बाकीच्या बऱ्याच गुन्ह्यांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कोळ्याला खरी धडकी भरते ती पुढच्या गोष्टीने, गुन्ह्यात वापरलेली होडी, जाळं, टेम्पो हे सगळं जप्त होऊ शकतं. दुसरं म्हणजे नेहमीच्या फौजदारी गुन्ह्यात सरकारला सिद्ध करावं लागतं की तुम्ही दोषी आहात, इथे मात्र संरक्षित प्राणी तुमच्या ताब्यात सापडला की तो कायदेशीरपणे आलाय हे तुम्हाला दाखवावं लागतं. मला माहीत नव्हतं हे उत्तर कोर्टात फारसं चालत नाही.

विकत घेणाऱ्याचं काय? असा प्राणी किंवा त्याचं मांस कायद्याने सरकारची मालमत्ता ठरतं, ते घेणं, बाळगणं हाही गुन्हा. म्हणजे मी फक्त दोन किलो घेतलं म्हणून सुटका नाही.

'जाळ्यात आपोआप आला, कोळ्याचा काय दोष?'

इथे माझं मन कोळ्यांच्या बाजूने आहे आणि ते मी लपवणार नाही. जाळं टाकताना खाली कोण येणार हे कोणाच्या हातात नसतं, आणि कायद्यातली 'शिकार' ही व्याख्या मात्र इतकी रुंद आहे की पकडणं, अडकवणं सगळं त्यात बसतं. पण जिवंत आहे तेव्हा सोडून देणं, किंवा मेला असेल तर विकायला न काढता वनखात्याला कळवणं, इतकं हातात असतं. प्रकरणं चिघळतात ती बहुतेक पुढच्या टप्प्यावर, मासा किनाऱ्यावर आणला, लिलाव झाला, व्हिडिओ निघाला आणि मग धावपळ.

आता व्हेल शार्क सोडायचा म्हणजे जाळं कापावं लागतं, जाळं हजारोंचं, ते कोण भरून देणार? याच्यासाठी महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष मिळून चालवतात. संरक्षित प्राणी जिवंत सोडताना जाळ्याचं नुकसान झालं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई, पुरावा म्हणून सोडतानाचे फोटो-व्हिडिओ लागतात आणि बोट नोंदणीकृत हवी. मोबाईल काढायचाच आहे तर लिलावाचा नको, सोडतानाचा काढा. गुजरातमध्ये हे आणखी आधी सुरू झालं, २००४ पासून वनखातं, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि एक खासगी कंपनी यांनी मोहीम काढली, कथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं की 'व्हाली', म्हणजे व्हेल शार्क, ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे, आणि ज्या बंदरांत तिची शिकार व्हायची तिथल्याच कोळ्यांनी पुढे शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले. नुसत्या कलमांनी हे झालं नसतं.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक मासे उतरवण्याच्या जागी या माशांचे मोठे रंगीत फोटो, किनाऱ्यावर बोलली जाणारी नावं आणि कळवायचा नंबर असा बोर्ड हवा. ७ वर्षांच्या कैदेचा कायदा लावायचा आणि ओळख मात्र लॅटिन नावांच्या राजपत्रात ठेवायची, हा अन्याय आहे.

राज्याचे स्वतःचे नियम कुठे येतात मग?

यादीबाहेरच्या माशांवर. म्हणजे आपण रोज खातो त्यांच्यावर. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद, कारण तो बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळ. बंदी मासेमारीवर असते, मासे विकण्यावर नाही, म्हणून तेव्हाही बाजारात पूर्व किनाऱ्याचा, बर्फातला किंवा तळ्यातला माल दिसतो, आणि पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी वेगळ्या तारखांना असते.

दुसरा नियम आकाराचा, मासा एकदा तरी अंडी घालेल इतका मोठा झाल्याशिवाय पकडायचा नाही. केरळने हे २०१५ मध्ये सगळ्यात आधी सुरू केलं, १४ जातींनी सुरुवात करून दोन वर्षांत ५८ पर्यंत नेलं, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. म्हणजे पापलेट संरक्षित नाही, पण तळहातावर मावणारं बारकं पापलेट नियमाबाहेरचं असू शकतं. रोजच्या ग्राहकाला खरं तर हाच नियम सगळ्यात जवळचा आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण बारक्या पापलेटचा व्हिडिओ व्हायरल होत नाही.

'परदेशातून आणलाय, भारतातला नाहीच'

इथे चौथी अनुसूची. जगातल्या देशांनी मिळून एक करार केलाय, सायटिस नावाचा, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशीच्या व्यापारावर लगाम घालणारा. १९७५ मध्ये तो लागू झाला आणि १९७६ मध्ये भारत त्यात आला. त्याचं पहिलं परिशिष्ट म्हणजे जंगलातून पकडलेल्याचा धंदा बंद, दुसरं म्हणजे परवान्यावर चालेल. गंमत अशी की अनेक वर्षं आपल्याकडे याची तपासणी फक्त बंदरावर आणि विमानतळावर व्हायची, तिथून प्राणी एकदा आत सुटला की घरात किंवा दुकानात त्याला विचारणारं कोणी नव्हतं, कारण वन्यजीव कायद्यात परदेशी जातींचा समावेशच नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ती फट बुजवली.

मत्स्यालयवाल्यांना याचा थेट संबंध. लाल-सोनेरी एशियन अरोवाना, ज्याला लोक नशीब आणणारा ड्रॅगन फिश म्हणून घेतात, तो पहिल्या परिशिष्टात आहे. इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूरच्या नोंदणीकृत फार्ममध्ये वाढवलेला, अंगात मायक्रोचिप आणि सोबत प्रमाणपत्र असलेला असेल तरच त्याचा कायदेशीर व्यापार. मग भारतात आणताना सायटिसचा परवाना, रोग येऊ नये म्हणून सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, क्वारंटाइन, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला तरी कळवायचं. दुकानदार म्हणाला 'साहेब फार्मचा आहे' तर चिपचा नंबर आणि कागद मागा. कागद नसेल तर तो फार्मचा आहे हे तुम्हालाही सिद्ध करता येणार नाही, आणि वर सांगितलंच की सिद्ध तुम्हालाच करायचंय.

देशाप्रमाणे नियम किती बदलतात याचं चांगलं उदाहरण समुद्री काकडी. ती मासा नाही, समुद्रतळावरचा मऊ जीव आहे, पण २००१ मध्ये याच कायद्याखाली आली. श्रीलंकेत परवाना काढून ती पकडता-विकता येते, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या अलीकडे तामिळनाडूत तीच पकडली तर गुन्हा. साहजिकच इकडचा माल तिकडे चोरून नेऊन कायदेशीर म्हणून खपवायचे प्रयत्न सतत होतात.

आणि शार्कचे पर. २०१५ पासून भारतातून कुठल्याही शार्कचे पर निर्यात करायला मनाई आहे, तो शार्क यादीत असो वा नसो. तरी २०१८ मध्ये महसूल गुप्तचर खात्याने मुंबईत शिवडीला आणि वेरावळला मिळून सुमारे ८,००० किलो पर पकडले. आपल्या छोट्या मुशीचंच बघा, देशात विकायला बंदी नाही, पण २०२३ पासून तिचं अख्खं कुटुंब सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलंय, आणि परांना तर बंदीच. एकाच माशाचं मांस बाजारात चालतं आणि पर बंदरावर पकडले जातात, गोंधळायला होतं, पण दोन वेगळे नियम दोन वेगळी कामं करतायत.

मग थाई मांगूर?

त्याची बंदी उलट्या कारणाने. तो आफ्रिकन मासा, खादाड, आपल्या तळ्यांतले देशी मासे फस्त करतो, म्हणून २००० पासून त्याच्या पालनावर बंदी. संरक्षित माशांवरची बंदी त्यांना वाचवायला, आणि ही बंदी याच्यापासून इतरांना वाचवायला. २०२२ च्या दुरुस्तीत अशा परक्या घुसखोर जातींची आयात आणि विक्री रोखायचा अधिकारही केंद्राला मिळालाय.

'बंदी घालून मासे वाचतात का खरंच?'

निव्वळ बंदीने, नाही. समुद्रघोडे बघा, २००१ पासून बंदी, पण ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं त्याला कायदा वाचता येत नाही, तामिळनाडूत आजही ते जाळ्यात येतात, आधी उघड विकले जायचे, आता चोरून. आकडे कागदावरून गायब झाले, मासे वाचले असं नाही. ज्या मासेमारीत ते मरतात तिच्यावर, म्हणजे जाळ्याच्या प्रकारावर, किनाऱ्यापासूनच्या अंतरावर, ट्रॉलिंगच्या तासांवर नियम लावून ते पाळले गेले तर फरक पडेल, आणि तो अधिकार राज्यांकडेच आहे. व्हेल शार्कचं वेगळं झालं कारण तिथे मुद्दाम शिकार व्हायची, ती थांबवता आली, शिवाय जिवंत सोडणं शक्य होतं.

बाजारात काही संशयास्पद दिसलं तर

विकणाऱ्या मावशींशी भांडत बसू नका, बहुतेक वेळा त्यांच्यापर्यंत माल लिलावातून आलेला असतो आणि त्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं. फोटो काढताना माशाचं डोकं, पाठीवरचे पर आणि शेपटी यावी, तुकडे केल्यावर जात ओळखायला डीएनए तपासणीशिवाय मार्ग उरत नाही. जागा आणि वेळ लिहून ठेवा. महाराष्ट्रात वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६. मासा जिवंत असेल तर आधी पाण्यात कसा जाईल ते बघायला सांगा, फोन नंतर केला तरी चालेल.